समास

अकरा वर्षं त्यानं दर्या पाहिला पंचावन्न मीटरवरून,
सोहार बंदरात, क्रेनच्या काचेच्या डबीत बसून,
आणि पडला तो खोलीतल्या दुमजली पलंगावरून,
पहाटे तीनला, पाणी प्यायला उतरताना.
अजीज नाखुदा. मुक्काम हर्णै.
कंपनी म्हणते, हा अपघात कामावरचा नव्हे.
मी विचारते, पलंग कुणाचा होता?
हे सातवं पत्र.

माझ्या कामाला मराठीत नाव नाही.
आई मिरजेत सांगते, पोरगी दवाखान्यात असते.
नर्स का? नाही. डॉक्टर? तेही नाही.
मग करते काय?
फोन करते, आई.
विम्याला, वकिलातीला, फोरमनला,
व्हिसाची तारीख जवळ आली की त्या खिडकीमागच्या माणसाला,
फिजिओ मंगळवारी की बुधवारी, ते विचारायला,
आणि हर्णैला, नेटवर्क असेल तेव्हा.

टाके सुकले. केसही आले, जरा पांढरे.
खोलीवरची माणसं भेटायला येतात, म्हणतात, बरा झाला की!
चालतो, बोलतो, विनोद सांगतो,
तोच पुन्हा सांगतो.
डोळे शाबूत आहेत, तपासले दोनदा.
तरी त्याच्या जगाला डावी बाजू नाही.
दाढी उजव्याच गालाची करतो.
शर्टाची डावी बाही रिकामी लोंबते.
दारातून जाताना खांदा आपटतो
आणि तो चौकटीला शिव्या घालतो.
ताटातला उजवीकडचा भात संपवून विचारतो,
आज लोणचं नाही? मीठसुद्धा नाही?
आमच्या मिरजेकडं सगळी चव डाव्या हाताला वाढतात.
मीही तशीच वाढलेली असते.

बाहेरच्या अरबी पाट्या उजवीकडून सुरू होतात,
त्या तो धरतो, शेवटी सोडून देतो.
मराठी ओळ मात्र सुरुवातीलाच तुटते.

नावं निसटतात, म्हणून वही.
मी ठळक लिहून दिलं होतं:
रेहाना, बायको.
तहसीन, मुलगी, इयत्ता चौथी.

शुक्रवारी फोन लागला.
त्यानं वही मांडीवर घेतली, बोट ठेवलं,
आणि म्हणाला, हसीन, कशी आहेस?
रेहाना हसली.
इतक्या महिन्यांनी नवऱ्याला काही गोड सुचलं, असं वाटलं असेल तिला.
मी खिडकीबाहेर बघायला लागले. खजुराच्या झाडाला कुणी तरी पाणी घालत होतं.
पोर गप्प. मग म्हणाली,
अब्बा, वहीत बघून म्हणालात ना?
पानाचा आवाज आला.
हो, म्हणाला तो.
खोटं बोलायचं तर काय लपवतोय ते ध्यानात ठेवावं लागतं.

माझा त राहिला, ती म्हणाली.
समास नाही आखलात?
आमच्या बाई लाल पेन्सिलीनं आखायला लावतात.
दर ओळीला तिथपर्यंत मागं यायचं. मगच पुढं.

आमच्या थेरपिस्टच्या यादीत हीच लाल रेघ होती,
पुढल्या सोमवारी.
मी काही बोलले नाही. असू दे पोरीची.

शाळेत आम्हाला समास दोन होते:
एक वहीतला, कोरा सोडायचा,
एक व्याकरणातला, शब्दाला शब्द जोडणारा.
दोघांना नाव एकच कसं, ते मी तेव्हा विचारलं नाही.
आता विचारावंसं वाटतं, तर बाई नाहीत.

लाल चिकटपट्टी आता वहीला आहे, आरशाला आहे,
चौकटीला, ताटाच्या डाव्या काठाला.
रोज विसरतो. रोज सांगते, मागं या, अजून मागं.
बोट निघतं, कधी निम्म्यातून परततं.
सातव्या पत्राचं उत्तर नाही. आठवं लिहायला घेतलंय,
त्यात पलंगाच्या शिडीचा फोटो जोडलाय,
खालची पायरी नसलेला.

काल जेवताना त्याची मान वळली, फार हळू,
भरलेलं जहाज धक्क्याला लावावं तशी,
लाल रेघेपर्यंत आली, थांबली.
लोणचं सापडलं.

खारट झालंय, म्हणाला.